विश्लेषण : ‘आईला सांगू नकोस हं!’ मुलांनी कोणती गुपितं ठेवायची आणि कोणती सांगायची?

मागच्या महिन्यात पाच वर्षांच्या भाचीला घेऊन गिरगाव चौपाटीवर गेलो होतो. तिला खोकला होता आणि निघताना ताईने दोनदा बजावलं होतं, थंड काही द्यायचं नाही. गोळ्याच्या गाडीसमोर आम्हा दोघांचाही निर्धार ढासळला. कालाखट्टा खाऊन झाल्यावर तिला चूळ भरायला लावली, जांभळी जीभ रुमालाने पुसली आणि म्हणालो, ‘‘आईला सांगायचं नाही हं. आपलं सीक्रेट.’’ तिने गळ्याला हात लावून स्वतःहूनच सांगून टाकलं, ‘‘आईची शपथ!’’

रात्री खोकला वाढला. ताईने तिला तीन वेळा विचारलं, मामाने काय खायला दिलं? ‘‘काही नाही.’’ एकदाही अडखळली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्यांदा मला हसू आलं, तिसऱ्या वेळी येईना. शेवटी मीच कबूल केलं. ताई गोळ्यावरून फारशी बोललीच नाही. म्हणाली, ‘‘अरे, उद्या दुसऱ्या कोणी हेच वाक्य तिला सांगितलं तर?’’

तिच्या या प्रश्नावरून हा लेख लिहायला घेतला.

छोटं गुपित कशासाठी असतं?

मुलांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणं वाचली, की बहुतेक ठिकाणी सुरुवात साधी दिसते. एक चॉकलेट. मोबाइलवर दहा मिनिटं जास्तीचा गेम. आणि सोबत ‘घरी सांगू नकोस’. मूल गप्प राहिलं, की पुढचं गुपित थोडं मोठं. घरी सांगितलंच, तरी त्या माणसाचं काही बिघडत नाही. चॉकलेटच तर दिलं होतं! मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं आहे. मोठी सिस्टीम चालू करण्याआधी ती छोट्या इनपुटवर तपासून बघतात, हे मला तरी लगेच कळायला हवं होतं. माझ्या भाचीची ती चाचणी मीच घेतली आणि ती पास झाली.

दुसरी गोष्ट त्या माणसाच्या ओळखीची. लालबागला गणपतीत मुलांना घेऊन जाताना आपण त्यांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवतो, हरवलास तर पोलीसकाकांना दाखव म्हणून पढवतो. गर्दीतल्या अनोळखी माणसाची आपली तयारी पक्की असते. पण केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून जे समोर आलं, ते वेगळं होतं. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचं लैंगिक शोषण झाल्याचं सांगितलं. त्यातली निम्मी प्रकरणं ओळखीच्या किंवा विश्वासातल्या माणसांची होती आणि बहुतेक मुलांनी ती तोवर कोणालाच सांगितली नव्हती. पीडित मुलांमध्ये मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. ‘मुलगा आहे, त्याला काय होतंय’ म्हणणाऱ्या घरांनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा. अभ्यास जुना आहे हे खरं. पण एनसीआरबीच्या अलीकडच्या अहवालांतही पॉक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असण्याचं प्रमाण प्रचंड आहे.

म्हणजे ज्याच्यापासून सावध राहायचं, तो बऱ्याचदा घरी येऊन चहा पिणारा असतो आणि मुलाला त्याच्या पाया पडायला आपणच सांगतो.

‘घरातलं बाहेर सांगायचं नाही’

हे वाक्य ज्याच्या कानावर पडलं नाही असं मूल परळ-लालबागच्या चाळीत वाढलेलं नसेल. मीही तिथलाच. दहा बाय बाराची खोली, सामायिक गॅलरी, शेवटी सामायिक संडास. शेजारच्या काकांचा रेडिओ आणि त्यांची भांडणं दोन्ही आम्हाला पाठ. भिंतीला कान असतात ही आमच्याकडे म्हण नव्हती, रोजची परिस्थिती होती. अशा ठिकाणी थोडी झाकपाक केल्याशिवाय माणूस जगू शकत नाही.

आजी सांगते, १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो संपायचं नाव घेईना. त्या दिवसांत मुलांना बजावून ठेवलेलं असायचं, शेजारी विचारलं तर ‘जेवलो’ म्हणायचं. घरात काही शिजलेलं नसलं तरी. त्या खोट्याला मी नावं ठेवणार नाही. ती अब्रू होती आणि तेवढीच शिल्लक होती.

पण तीच अब्रू पुढे भलत्या ठिकाणी वापरली गेली. दारू पिऊन मारणाऱ्या बापाबद्दल बोलायचं नाही. अमक्या काकांच्या मांडीवर मुली का बसत नाहीत, हे विचारायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलांच्या डोक्यात मात्र वेगवेगळे कप्पे नसतात. पैसे नाहीत हे न सांगणं आणि काकांनी काय केलं हे न सांगणं, दोन्ही ‘घरातलं’ म्हणून एकाच डब्यात जातं. हा डबा उघडून आतल्या गोष्टी वेगळ्या करून देणं हे आपलं काम आहे.

मराठीत त्यासाठी शब्द आधीपासून आहेत. एक ‘गंमत’. आजीच्या वाढदिवसाचा केक, दिवाळीला बाबांसाठी आणलेला शर्ट, आपल्या गल्लीच्या गणपतीची मूर्ती यंदा कशी असणार ते. गंमत कधी ना कधी उघड होणारच असते, दिवस ठरलेला असतो आणि उघड झाली की सगळे खूश होतात. दुसरं ‘खासगी’. आंघोळ, कपडे बदलणं, घरातल्या पैशांची बोलणी, फोनचा पासवर्ड, ओटीपी. हे रस्त्यावर सांगायचं नाही, पण आईबाबांना सगळं माहीत असतं. तिसरं ‘गुपित’. ते कोणालाच कधीच सांगायचं नसतं, विशेषतः आईबाबांना नाही. लहान मुलाला मोठ्या माणसाने असं गुपित ठेवायला सांगितलं, तर ते फोडायचं. लगेच फोडायचं. आणि तो मोठा माणूस कोणीही असो, मामासुद्धा.

बऱ्याच ठिकाणी मुलांना शिकवतात, की जे गुपित ऐकून पोटात गोळा येतो ते वाईट. हे चुकीचं नाही, पण एवढ्यावर विसंबू नये. भाचीच्या पोटात गोळा आला नव्हता, पोटात बर्फाचा गोळा होता आणि ती खुशीत होती. लाड, खाऊ, ‘तू माझी सगळ्यात आवडती’ हे मुलांना आवडतंच. वाईट वाटायला लागेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. त्यापेक्षा विषयावरून नियम करणं सोपं. अंगाला हात लावण्याबद्दल, फोटोबद्दल, खाऊ आणि भेटवस्तूंबद्दल, फोनवर दाखवलेल्या गोष्टींबद्दल गुपित नसतं. कोणी ठेवायला सांगितलं, तर तेवढंच येऊन सांगायचं. चांगलं होतं की वाईट, हे ठरवायची जबाबदारी पाच वर्षांच्या मुलावर नको.

ऑनलाइन गेमच्या चॅटमध्येही हेच वाक्य येतं, फक्त टाइप केलेलं. नियम तोच.

आणि सांगायला शब्द लागतात. कोपर, गुडघा यांची नावं आपण हौसेने शिकवतो आणि चड्डीने झाकलेल्या भागांपाशी येऊन ‘शीऽऽ’ म्हणून थांबतो. ज्याचं नाव घेतलं तर ओरडा बसतो, त्याला काही झालं हे मूल कोणत्या शब्दांत सांगणार?

शपथ सुटते कशी?

भाचीने घातलेली शपथ मला गोळ्यापेक्षा जास्त छळत राहिली. आपल्याकडे मुलांमध्ये ‘आईची शपथ’ हा शेवटचा शब्द असतो. मोडली तर आई मरते. मोठ्यांसाठी तो तोंडी लावायचा शब्द आहे, ‘आयशप्पथ, काय गर्दी होती दादरला!’ पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला ती धमकी शब्दशः खरी वाटते. त्यात कोणी ‘सांगितलंस तर आई आजारी पडेल’, ‘बाबांना पोलीस नेतील’ अशी भर घातली, की मूल स्वतःला वाचवण्यासाठी नाही, आईला वाचवण्यासाठी गप्प बसतं. मोठेपणी अनेकांनी आपल्या लहानपणाबद्दल नेमकं हेच सांगितलं आहे.

पण याच खेळात त्यावरचा उताराही आहे. आठवतंय? शपथ घातली की समोरचा मागे लागायचा, ‘सुटली म्हण, सुटली म्हण ना!’ आणि ‘सुटली’ म्हटलं की शपथ खलास. आमच्या मजल्यावर तर कोणाची शपथ कोण सोडवू शकतं याचे कडक नियम होते. हेच मुलांना द्यावं असं मला वाटतं. मोठ्या माणसाने घातलेली शपथ मुळातच लागत नाही. आईबाबांना सांगू नको म्हणून घातलेली शपथ आपोआप सुटलेली असते. आणि आईच्या तोंडून एकदा ऐकू दे, ‘‘माझी शपथ कोणीही घातली तरी मला काही होत नाही.’’ दोन मिनिटांचं काम आहे. कोणत्याही वर्कशॉपची गरज नाही.

तसंच ‘चुगली’चं. बालवाडीपासून मुलांना ऐकवलं जातं, चुगल्या करू नका. बाईंना चाळीस मुलं सांभाळायची असतात, त्यांचाही नाइलाज असतो. पण फरक सांगता येतो. दुसऱ्याला ओरडा बसावा म्हणून सांगणं ही चुगली. आपल्याला किंवा मित्राला त्रास होतोय, तो थांबावा म्हणून सांगणं ही चुगली नाही.

मुलांचं गुपित आपण ठेवतो का?

इथे आपली बाजू फार लंगडी आहे. मुलगा रात्री हळूच येऊन सांगतो, मला वर्गातली अमुक आवडते. सकाळी ते मावशीला कळलेलं असतं, संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर त्याचा व्हिडिओ असतो. ‘बोल ना परत, कोण आवडते?’ खाली अठरा हसणाऱ्या इमोजी. मुलगी सांगते, अंथरुणात शू झाली, आणि ते पाहुण्यांसमोर निघतं. आपल्याला ते गोड वाटतं. मूल त्यातून शिकतं, की आईबाबांना सांगितलेलं सगळ्यांना कळतं आणि लोक हसतात.

मग ‘आमच्याशी काही लपवत नाही तो’ याला काय अर्थ? मुलांना त्यांची स्वतःची गुपितं असू द्यावीत. खेळण्याची लपवलेली जागा, मैत्रिणीने कानात सांगितलेलं काहीतरी, वहीच्या मागच्या पानावरचं चित्र. ती उकरून काढली नाहीत, तर गरजेच्या वेळी ती आपण होऊन येण्याची शक्यता जास्त. हे माझं मत आहे, पण ते मला माझ्याच घरात तपासून बघता आलं आहे. आठवीतली एक गोष्ट मी घरी सांगितली नाही, ती याच कारणाने. गंभीर काही नव्हतं. असती, तरी सांगितली नसतीच.

मुलांनी सांगितलं तर?

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या शिशुवर्गाच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, ते त्या मुलींनी घरी सांगितलं म्हणून. एवढ्या लहान वयात. पुढे मोठ्यांनी काय केलं? गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा यंत्रणा हलली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना फैलावर घेतलं, शाळेने माहिती असून कळवलं नाही याबद्दलही विचारलं. शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर याच कारणासाठी गुन्हा दाखल झाला.

दक्षिण मुंबईतलं त्याआधीचं मोठं प्रकरण कुलाब्याच्या ‘अँकरेज’ आश्रयगृहाचं. रस्त्यावरच्या मुलांसाठी चालवलेल्या त्या घरांतल्या मुलांनी तोंड उघडलं, २००१मध्ये पोलीस तक्रार झाली. सत्र न्यायालयाने २००६मध्ये दोन ब्रिटिश नागरिकांना आणि व्यवस्थापकाला दोषी ठरवलं, उच्च न्यायालयाने २००८मध्ये त्यांना सोडलं, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली. मुलांचं म्हणणं खरं मानायला आपल्या व्यवस्थेने दहा वर्षं घेतली.

बदलापूरनंतर सरकारने शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेट्या, समित्या यांची सक्ती केली. सीसीटीव्ही हवेतच. तक्रारपेटीबद्दल एवढंच म्हणतो, की त्यात चिठ्ठी टाकायला आधी लिहिता यावं लागतं. शिशुवर्गातल्या मुलाची तक्रारपेटी म्हणजे रात्री त्याच्या शेजारी झोपणारं माणूस.

त्या माणसाने पहिल्या मिनिटात काय म्हणावं, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’, ‘नक्की ना? खोटं नाही ना?’ हे तीन प्रश्न आपल्या जिभेवर तयार असतात. ते गिळावेत. ‘‘सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही.’’ एवढं म्हणून ऐकत राहावं. खोदून खोदून, दर पाहुण्यासमोर परत सांगायला लावू नये. मुलाने वापरलेले शब्द आहेत तसे लिहून ठेवावेत. घटना ताजी असेल तर आंघोळ घालण्याची, कपडे धुण्याची घाई करू नये. केईएम असो की खासगी रुग्णालय, पीडित मुलावर तातडीचे उपचार मोफत करणं कायद्याने बंधनकारक आहे.

कायदा काय सांगतो?

पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण कायदा, १४ नोव्हेंबर २०१२पासून लागू आहे. त्याच्या कलम १९नुसार असा गुन्हा झाल्याचं कळलेल्या कोणालाही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आई, आजोबा, शिक्षक, डॉक्टर, सगळ्यांना. न कळवल्यास कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. यातून फक्त एकाला सूट आहे, मुलाला. थोडक्यात, गुपित ठेवण्याची मुभा कायद्याने मुलाला दिली आहे, मोठ्यांना नाही. आपल्या घरांत बरोबर उलटं चालतं. सांगितलं नाही म्हणून मुलाला ओरडा आणि ‘घरातच मिटवू’ म्हणणारे काका शहाणे.

या सक्तीवर टीकाही होते. ‘पोलिसांत जावं लागेल’ या भीतीने काही कुटुंबं डॉक्टरकडेही जात नाहीत, हे कार्यकर्ते सांगत आले आहेत आणि ते पटण्यासारखं आहे. म्हणून कायद्यातली पुढची पानंही लोकांना माहीत हवीत. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता. विश्वासातलं माणूस सोबत हवं. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. साक्ष देताना आरोपी समोर दिसणार नाही याची काळजी न्यायालयाने घ्यायची.

आणि कलम २३. मुलाची ओळख उघड होईल असं काहीही छापता, दाखवता येत नाही. आमच्या डेस्कवर अशी बातमी आली, की नाव तर काढतोच, पण कधीकधी वाडीचं नावही काढावं लागतं. गिरगावात वाडी आणि मुलाची इयत्ता एवढं कळलं, तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना घर माहीत होतं. व्हॉट्सॲपवर ‘न्याय मिळालाच पाहिजे’ म्हणून मुलाचा फोटो फिरवणाऱ्यांनाही हा नियम लागू होतो.

‘एवढ्या लहान मुलांना हे सांगून घाबरवायचं कशाला’, असं नेहमी विचारलं जातं. रस्ता ओलांडताना हात धरायला आपण दोन वर्षांच्या मुलाला शिकवतो आणि अपघाताचे फोटो दाखवत नाही. इथेही लैंगिक शोषण हा शब्द उच्चारायची गरज पडत नाही. मुंबईत ‘अर्पण’सारखी संस्था २००६पासून हेच काम करते आहे, त्यांचे शाळांमधले तास बघितले तर मुलं घाबरलेली नसतात, उलट प्रश्न विचारून भंडावतात. मदत हवी असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक २४ तास चालू असतो. तो सुरूही याच शहरात झाला, १९९६मध्ये, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून. आता तो सरकारी यंत्रणा चालवते. तातडीच्या वेळी ११२ आहेच.

गोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाचीला समोर बसवून सांगितलं, की मामाचं चुकलं, आईपासून लपवायला सांगायला नको होतं. तिने विचारलं, ‘‘मग शपथ?’’ म्हटलं, सुटली. ताईनेही म्हटलं, सुटली. मग तिला गंमत आणि गुपित यांतला फरक समजावला, आजीच्या पंचाहत्तरीच्या केकचं उदाहरण देऊन. मंगळवारपर्यंत आजीला कळू द्यायचं नाही, असं तिघांचं ठरलं.

रविवारी दुपारीच तिने आजीला सांगून टाकलं. फ्लेव्हरसकट.